चित्र-वेळापत्रक आणि टोकन पाटीचा संच : झेडपीच्या वर्गासाठी घ्यावा का?

ऑनलाइन मिळणाऱ्या या संचात दिवसातली कामं क्रमानं दाखवणारी चित्रकार्डं, ती लावायची वेल्क्रोपट्टी, पाच टोकनांची पाटी (कामागणिक टोकन, पाचही जमली की बक्षीस) आणि वाळूचं घड्याळ येतं. स्वमग्न किंवा अतिचंचल मूल पहिली ते चौथीच्या एकत्र वर्गात असेल, तर असं साहित्य हाताशी हवंच. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक काही रोज येत नाहीत.

पट्टी मजबूत आहे, पण तिचा डिंक विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी नाही. टिनाच्या खोलीत मार्चपासूनच वेल्क्रो सुटायला लागतो. शिंप्याकडून तो जाड कापडावर शिवून घ्या आणि कापड खिळ्याला टांगा.

कार्डांवर स्कूल बस, कॅन्टीन, वॉशबेसिन. इथल्या पोराला यातलं काय कळणार? परिपाठ, फळा, हापसा, खिचडीची ताटं यांचे मोबाइलवर फोटो काढून लॅमिनेट करा. सुरुवातीला दोनच कार्डं लावा, आता आणि नंतर. काम संपलं की मुलानं स्वतः कार्ड काढून ‘झालं’च्या डब्यात टाकायचं. हे त्याच्याच हातून झालं पाहिजे, नाहीतर पट्टी नुसती भिंतीची शोभा होते. मेळघाटात कार्ड दाखवताना शब्द कोरकूत बोला.

टोकन पाटी उत्तम, पण सोबतची माहितीपुस्तिका घात करते. ‘चांगलं वागल्यास टोकन, चुकल्यास परत घ्या’ असं त्यात छापलंय. ‘चांगलं वागणं’ म्हणजे काय, हे मुलाला कळत नाही. ‘दोन ओळी लिहिल्या की एक’ हे कळतं. टोकन त्याच क्षणी द्या आणि कशाबद्दल ते सांगा. पहिल्या दिवसांत चार टोकनं आधीच लावून ठेवा, मुलाला एकच मिळवायचं राहू द्या. बक्षीस मुलालाच विचारा. घंटा वाजवायला मिळणं अनेकांना बिस्किटाहून प्रिय असतं. टोकन काढून घेण्याच्या पद्धतीवरही अभ्यास झालेत, पण भरल्या वर्गात एकट्या शिक्षकानं ती वापरली की रडारड होते आणि पाटीच नकोशी होते.

वाळूचं घड्याळ काचेचं आहे. ते कपाटातच ठेवा.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ‘मदत हवी’ आणि ‘थोडं थांबायचंय’ ही कार्डं संचात नाहीतच. गणिताचं पुस्तक उघडलं की मूल लिहायची पाटी फेकतं, आपण त्याला बाहेर उभं करतो, आणि गणित टळतं. त्याला हवं होतं तेच मिळालं, म्हणून उद्याही पाटी उडणार. कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवलं, की आधी वागण्यामागचं कारण शोधून तीच गोष्ट मागायचा सोपा मार्ग शिकवला, तर त्रासदायक वागणं कमी होतं. त्यासाठी आठवडाभर वहीत तीन रकाने भरा : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. गणित टाळणंच कारण निघालं, तर ‘मदत’ कार्ड त्याच्या हाताशी ठेवा आणि पाटी उडण्याआधी, मूल चुळबुळ करू लागताच, ते उचलायला लावा. कार्ड दिलं की लगेच जवळ जा. पहिले काही दिवस यात हयगय झाली, तर मूल पुन्हा पाटीच फेकेल, कारण तिचा परिणाम लगेच होतो.

पट्टी आणि टोकन पाटी सुटी मिळत असेल तर तेवढीच घ्या. कार्डं गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातच करून घ्या.