गावची शाळा ठेवायची की पोट्टे समूह शाळेत धाडायचे: ठराव घेण्याआधी दोन्ही बाजू

पट २० च्या खाली गेलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा असलेल्या गावांत सध्या हीच चर्चा, ग्रामसभेत विरोधाचा ठराव घ्यायचा की मोठ्या गावच्या समूह शाळेला, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून केलेल्या शाळेला, हो म्हणून मोकळं व्हायचं. ज्यांना हात वर करायचाय, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, सरपंच, नाहीतर ज्याचं पोट्टं दुसरीत आहे असा बाप, त्यांच्यासाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, चौथीपर्यंत गावातच, पाचवीपासून खुशाल बाहेर. पटलं नाही तर भांडा.

मागचं थोडं माहीत असलेलं बरं. २०१७ च्या शेवटी १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं निघालं होतं, तेव्हा बराच ओरडा झाला. मग सप्टेंबर २०२३ मध्ये पत्र निघालं की २० च्या आतल्या शाळांच्या समूह शाळा करायचे प्रस्ताव पाठवा, आणि नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ नि पुण्याकडचं पानशेत दाखवलं. तेव्हा राज्यात अशा शाळा १४,७८३ आणि पोरं १ लाख ८५ हजारांवर, म्हणजे शाळेमागे १२-१३ पोरं आणि दोन मास्तर. सरकारचा हिशोब इथूनच सुरू होतो आणि नुसता हिशोब म्हणून तो चूक नाही.

आता शिकवण्याचं बघू, कारण इथे गावाभिमान जरा बाजूला ठेवावा लागतो. छोट्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यातले एक गुरुजी मतदार यादीच्या कामाला, ट्रेनिंगला नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला पंचायत समितीत, मग उरलेल्या बाई पहिलीला पाटीवर अक्षर गिरवायला लावून तिसरीचा गुणाकार घेतात आणि तेवढ्यात चौथीची दोन पोरं खिडकीतून बकऱ्या मोजत बसतात. पहिली-दुसरीला हे चालून जातं, उलट लहान पोरं मोठ्यांचं ऐकून ऐकून शिकतात, पण पाचवी-सहावीचं गणित, विज्ञान, इंग्रजी याला विषयाचा मास्तर लागतो, प्रयोगाचं सामान लागतं, आणि मुख्य म्हणजे वर्गात बरोबरीची चार डोकी लागतात. कबड्डीची टीमच होत नाही तिथे खेळाचा तास कसला! या मुद्द्यावर समूह शाळा सरळ जिंकते, अर्थात तिथे खरंच विषयनिहाय शिक्षक दिले तर. नुसत्या चार शाळांच्या पोरांना एका हॉलमध्ये कोंबलं तर ती समूह शाळा नाही, गर्दी आहे.

पण रस्त्यावर आलं की सगळं उलटतं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला १ किमी आणि सहावी ते आठवीला ३ किमीच्या आत शाळा पाहिजे असं आहे (त्याच नियमात किमान २० मुलांची अटही आहे, विरोध करणारे ती सांगत नाहीत आणि साहेब लोक तेवढीच सांगतात). पण किलोमीटर मोजतो कोण, कागदावर दोन गावांमधलं अंतर अडीच किमी दिसतं ते पांदण रस्त्याने, आणि आपल्या विदर्भाच्या काळ्या मातीत जुलै ते सप्टेंबर त्या पांदणीत बैलबंडी फसते तिथे सहा वर्षाचं पोरगं दप्तर घेऊन काय चालणार. डांबरी रस्त्याने गेलं तर सहा किमी, त्यातही मध्ये नाल्यावर रपटा (बुटका पूल), पाऊस वरच्या अंगाला झाला की इथे ऊन असूनही रपट्यावरून पाणी आणि शाळा सुटलेली पोरं पलीकडे. गडचिरोलीतल्या भामरागडचं तर दर पावसाळ्यात ऐकतोच आपण, पर्लकोटा नदी चढली की अख्खा तालुका तुटतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या जंगलालगतच्या गावांत वाघाची भीती वेगळी, तिथे पहाटे बाई माणूस मोह वेचायला जाताना सोबत शोधते, तिथे लेकरांना एकटं कोण पाठवणार. आणि मार्चपासून सकाळची शाळा लागली की पोट्टे घरी परतणार ते बरोबर डोक्यावर ऊन असताना.

यावर उत्तर एकच येतं, बस देऊ. ही बस नीट तपासा कारण सगळा निर्णय तिच्यावर आहे. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून वाहतूक भत्ता आहे, वर्षाला पोरामागे ६,००० रुपयांपर्यंत, म्हणजे दहा महिन्यांचे महिना ६००. आमच्याकडचा ऑटोवाला त्यात येत नाही, आला तर पंधरा पोरं कोंबतो, दोन मागच्या फळीवर पाय बाहेर सोडून. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास मुलींना, तोही पाचवीपासून पुढे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मोठ्या मुलींसाठी. म्हणजे बघा, गाडीच्या ज्या योजना आधीच चालू आहेत त्या मोठ्या पोरींना धरून आहेत, पहिली ते चौथीसाठी हातात तो अपुरा भत्ता आणि पत्रातलं आश्वासन. आणि गाडी नाही आली त्या दिवशी पहिला खाडा मुलीचा पडतो, मग वेचणी लागली की ती घरी धाकट्याला सांभाळते, मायबाप कापसात.

गावाचं म्हणाल तर शाळा गेली की खिचडी शिजवणाऱ्या बाईचं काम जातं, मतदान केंद्र हलतं, इमारतीत दोन वर्षांत कुटार (गुरांचा भुसा) भरलेलं दिसतं. हे खरं आहे पण यावर शाळा वाचवू नका, ती पोरांसाठी आहे.

आता एक कडू गोष्ट. पट कमी झाला तो काही सगळा सरकारने केला नाही. पोरं कमी जन्माला येतात हे एक, कामाला बाहेर जाणारी कुटुंबं हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे तालुक्याची कॉन्व्हेंट. ग्रामसभेत सगळ्यात मोठ्या आवाजात शाळा वाचवा म्हणणाऱ्या भाऊंची स्वतःची पोरं सकाळी साडेसातला टाय लावून व्हॅनमध्ये बसतात, मग साहेबाने तेच विचारलं की सभा गप्प. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची झेडपी शाळा पट ३ वर येऊन बंद पडायच्या बेतात होती, तिथून उभी राहिली आणि २०२५ मध्ये जागतिक बक्षीस घेऊन आली, पण तिथे लोकांनी आधी आपली पोरं आणून बसवली. आपल्याकडे पुण्यासारखा कंपन्यांचा पैसा नाही हे मान्य, पोरं तरी आपलीच आहेत ना!

म्हणून विरोध करायचाच असेल तर ३० सप्टेंबरच्या आधी करा, कारण त्या दिवशीचा पट धरूनच शिक्षकांची पदं ठरतात, नंतर मोर्चा काढून काही होत नाही. ज्या पोरांचे आधार जुळत नाहीत ते जुलैतच दुरुस्त करून घ्या, नाहीतर वर्गात बसलेलं पोरगं कागदावर नसतं. ठराव नुसता "शाळा बंद करू नये" एवढाच घेऊ नका, तो फाईलला लागून पडून राहतो. त्यात लिहा की डांबरी रस्त्याने अंतर किती, रपट्यावरून पाणी असताना रस्ता बंद राहतो, सहा ते दहा वयाची किती मुलं गावात आहेत, आणि चौथीपर्यंतचे वर्ग इथेच ठेवून वरचे वर्ग जोडायला आमची हरकत नाही. अशा अर्ध्या होकाराला अधिकारी ऐकतात, युपीतही २०२५ मध्ये शाळा जोडायचा गोंधळ झाल्यावर प्राथमिकला १ किमीच्या पलीकडे जोडणार नाही असं सांगावंच लागलं तिथल्या सरकारला. समितीत ७५ टक्के पालक असतात, तेव्हा सही करणारे तुम्हीच आहात.

आणि समूह शाळेला हो म्हणायचं ठरलंच तर अट एकच घाला, गाडीचा नंबर, वेळ आणि पावसाळ्यातला पर्यायी रस्ता लेखी द्या. आधी गाडी गावात येऊ द्या, पोळ्यापर्यंत तरी नीट चालू द्या, दाखले त्यानंतर काढा.