समुद्रापार सैन्य न्यायचे कसे? तीन युद्धपटांच्या नियमांची तुलना

नाशिकमध्ये रविवारच्या बैठकीसाठी युद्धनीतीचा पट विकत घेण्याचा विचार असेल, तर सोंगट्यांची नक्षी पाहण्याआधी त्या खेळात पाणी कसे ओलांडले जाते, हे वाचावे.

‘रिस्क’मध्ये हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. अलास्का आणि कामचाट्का यांच्यामधली रेघ ही जमिनीवरच्या सीमेसारखीच असते. जहाज लागत नाही आणि खर्चही नाही. लहान मुले खेळणार असतील तर हे सोयीचे आहे, एरवी समुद्र केवळ निळ्या रंगापुरता उरतो.

‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’च्या १९४० या नावाच्या संचांत मात्र समुद्र महाग पडतो. ७ आयपीसी (या खेळातले चलन) मोजून घेतलेले वाहतूक जहाज एक पायदळाची आणि तिच्या जोडीला कोणतीही एक भूसेनेची सोंगटी, अगदी रणगाडाही, नेते आणि एका पाळीत दोन सागरी विभाग ओलांडते. ते नाविक तळापासून निघाले तर तीन ओलांडते, त्यामुळे बंदराला खरे मोल याच खेळात आहे. पण तळ उभारायला १५ आयपीसी लागतात. शिवाय वाहतूक जहाजाला लढण्याची ताकद मुळीच नसते, त्यामुळे सोबत युद्धनौका नसल्यास ते आतल्या सैन्यासह बुडते.

१९५९ साली बाजारात आलेल्या ‘डिप्लोमसी’त ना फासे आहेत, ना वाहतूक जहाजे. खुल्या समुद्रात उभे असलेले आरमारच सैन्याला पलीकडे उतरवते. इंग्लिश खाडी, मध्य अटलांटिक आणि पश्चिम भूमध्य समुद्र येथे एकेक आरमार असेल, तर लंडनचे सैन्य एकाच पाळीत थेट ट्युनिसला पोहोचते. साखळीतल्या आरमारावर नुसता हल्ला झाल्याने वाहतूक मोडत नाही. ते जागेवरून हुसकले गेले तरच मोडते. हे आरमार दुसऱ्या खेळाडूचेही चालते, आणि खरी गंमत इथेच आहे, कारण आदल्या चर्चेत दिलेला शब्द तो लेखी हुकमात पाळेलच असे नाही.

माझा कौल ‘डिप्लोमसी’ला आहे, परंतु तिला पूर्ण सात जण हवेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या सांभाळून तेवढे जण दिवसभर बसतील याची खात्री नसेल, तर ‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’ घ्यावा. तो दोघांतही रंगतो.