मलेशियाची बिनव्हिसा एन्ट्री : निपाणीहून एक अभिप्राय

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढं सांगते.

निपाणीच्या एका शाळेत मी ऑफिस सांभाळते. दाखले, जन्मतारखा, एका वेलांटीपायी तहसीलला हेलपाटे, यातच माझी नोकरी चाललीय. तेव्हा हॉटेल कसं होतं, बाटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या चढताना कुणाचा दम गेला, हे मी लिहिणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी लिहिते ते दारात काय काय विचारतात त्याबद्दल.

मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केलाय, फिरायला, ३० दिवसांपर्यंत. सवलत जाहीर झालीय ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, त्यामुळं त्यापुढचं तिकीट काढणाऱ्यानं आधी नियम बघावा. व्हिसा नाही म्हणजे कागद नाहीत असं मात्र समजू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट हवं, राहण्याचा पत्ता हवा, खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत आणि डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचण्याआधीचा ऑनलाईन फॉर्म, भरलेलं हवं. आपल्या भागातल्या माणसाला हे काही नवं नाही. २०२१ साली महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआरचा कागद नसला तर कागलहून येणाऱ्यालाही परत फिरवत होते. व्हिसा तिथंही नव्हताच!

आधी बेळगावात एका ट्रॅव्हल ऑफिसात चौकशी केली. त्यानं ‘व्हिसा प्रोसेसिंग’ म्हणून माणशी दीड हजार सांगितले. म्हटलं, “अहो, व्हिसाच नाही तर प्रोसेस कशाची करता?” तर म्हणतो, “मॅडम, ते सगळं ऑनलाईन असतंय, तुम्हाला जमायचं नाही.” शाळेतल्या सगळ्या पोरांची नावं सॅट्सवर, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी नोंदणीच्या साईटवर, चढवणाऱ्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय! उठून आलो.

हे अरायव्हल कार्ड फुकट आहे. फक्त ते मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्याच साईटवर भरायचं, पत्त्यात ‘जीओव्ही डॉट एमवाय’ आहे का बघून. गुगलवर शोधलं की तशाच दिसणाऱ्या आणि डॉलरमध्ये फी मागणाऱ्या साईटी वर येतात, तिथं बँकेच्या कार्डाचा नंबर टाकू नका. फॉर्म छोटा आहे: नाव, पासपोर्ट नंबर आणि मुदत, ईमेल, मोबाईल, विमानाचा नंबर, कुठून चढणार, कुठं उतरणार, मुक्कामाचा पत्ता पिनकोडसकट. प्रत्येकाचा वेगळा भरायचा, पण घरातल्या एकानं सगळ्यांचे भरले तरी चालतं.

गफलत होते ती तारखेत. बेंगळुरूहून विमान रात्री अकराचं, प्रवास साधारण चार तासांचा आणि त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. म्हणजे उतरताना दुसऱ्या दिवशीची पहाट असते. फॉर्ममध्ये ती पोचायची तारीख टाकायची, निघायची नव्हे.

खरी काळजी होती माझ्या थोरल्या जावेची. अक्का संकेश्वरच्या, सातवी शिकलेल्या, अजून पन्नाशीच्या आतल्या. त्यांच्या पासपोर्टात दोन भानगडी. एक, सगळं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये आणि आडनावाचा रकाना कोरा. मलेशियाच्या फॉर्मात नावाला एकच रकाना असल्यानं तिथं अडलं नाही. विमान कंपनीला मात्र फोन करून त्यांच्या पद्धतीनं बसवून घ्यावं लागलं. दुसरी, पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ छापलेलं. दहावी पास नसलेल्यांना हा शिक्का असतो आणि ज्या अठरा देशांसाठी तो लागू आहे त्यात मलेशिया आहे, थायलंडही आहे. गल्लीतल्या शहाण्यांनी “अक्कांना विमानात चढूच देणार नाहीत” म्हणून घाबरवून ठेवलं होतं. असं काही नसतं. या शिक्क्यापायी लागणारी सरकारी परवानगी नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्यांना लागत नाही. बेंगळुरूच्या काउंटरवर अक्कांना कुठं, किती दिवस, सोबत कोण एवढंच विचारलं आणि परतीचं तिकीट बघितलं. त्यांनी मराठी-कन्नड मिसळून उत्तरं दिली, साहेब हसून कन्नडमधूनच बोलला.

क्वालालंपूरला रांग होती, पण हलती. दोन्ही तर्जन्यांचे ठसे घेतले, माझ्याकडं हॉटेलचं बुकिंग मागितलं, शिक्का मारला. अक्कांना तर काहीच विचारलं नाही. मी फाईल काढून सगळ्यांचे प्रिंट क्रमानं लावून उभी, बघायला कुणी तयार नाही! जरा वाईटच वाटलं. तरी प्रिंट न्याच. फोनची बॅटरी नेमकी रांगेतच उतरते.

तारा कापला तो तीन दिवसांच्या नियमासाठी. हे कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. त्यातली एक रात्र आमची बेंगळुरूच्या बसमध्ये जाते, आधीचा दिवस बॅगा भरण्यात. ज्याला गावातल्या सायबर सेंटरवर जाऊन फॉर्म भरायचा आहे, त्याच्यासाठी आठवडा तरी ठेवायला हवा होता. थायलंडलाही १ मे २०२५ पासून असंच कार्ड आहे आणि तिथंही मुदत तीनच दिवसांची, म्हणजे तोही इलाज नाही.

परत आल्यावर अक्कांच्या शेजारणीनं विचारलं, “पोराला असाच फिरायला म्हणून पाठवून तिकडं कामाला लावता येईल काय हो?” अजिबात नाही. या एन्ट्रीवर काम करता येत नाही, पकडला तर पोरगा तिकडच्या कोठडीत आणि एजंट इकडं फोन बंद करून मोकळा. नोकरीलाच पाठवायचं असेल तर परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट साईटवर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी आहे. ती मी त्यांना मोबाईलवर उघडून दिली. पोराला कुणीतरी सुचवलेला एजंट त्यात सापडला नाही.