मोम्बासाच्या जुन्या शहरात जाताय? आधी हे वाचा

केनियातल्या मोम्बासाच्या जुन्या शहरात फिरायला कसलंही तिकीट लागत नाही. हे पहिल्यांदा सांगतोय, कारण या एका थापेपासून सुरुवात होऊन आमचे 12,000 शिलिंग गेले. आपले आठेक हजार रुपये.

आम्ही वसईचे, म्हणून तिथला फोर्ट जीझस हा किल्ला बघायची हौस. 1593 ते 1596 मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला, आराखडा काइरातीचा, जो त्यांच्या हिंदुस्थानातल्या मुलखाचा मुख्य वास्तुकार होता. किल्ला बघून बाहेर पडलो तर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण समोर. भारतातून आलो म्हटल्यावर त्याने काइराती, गोव्याचा व्हाइसरॉय, 1698 मध्ये ओमानी अरबांनी घेतलेला किल्ला, सगळं घडाघडा सांगितलं. भामटा एवढा अभ्यास करून येईल असं कुणाला वाटेल?

मग म्हणाला, किल्ल्याबरोबर जुनं शहरही जागतिक वारशात आहे, संवर्धन शुल्क माणशी 2,500. दोघांचे 5,000, वर त्याची फी 4,000. धडधडीत खोटं! 2011 मध्ये यादीत गेला तो किल्ला. जुन्या शहरात लोक राहतात, दुकानं चालवतात, मशिदीत जातात. तिथे फाटक नाही की तिकीटखिडकी नाही.

रोख चालणार नाही, एम-पेसा करा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवा म्हणाला. तिथे बहुतेक व्यवहार मोबाइलवरूनच चालतो, त्यामुळे वावगं वाटलं नाही. नंबर टाकला. पैसे जायच्या आधी स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं, तसं आलं. एका माणसाचं नाव. संग्रहालयाचं नाही, सरकारचं नाही. मी ते नीट वाचलं, हिला दाखवलं. ‘कॅशियरचा नंबर आहे’ म्हणाला आणि पावती फाडून पुढे केली. मी पिन दाबला. ते नाव अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण डोक्यावर ऊन, मागे टुकटुकचे भोंगे, आणि हातात छापील पावती असताना माणूस किती शंका काढणार? एवढं पक्कं लक्षात ठेवा: सरकारी पैसे पे-बिलवर, म्हणजे संस्थेच्या नावाने असलेल्या एम-पेसा क्रमांकावर भरतात, कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर नाही.

न्दिया कू या रस्त्यावरचे कोरीव दरवाजे आणि मंध्री मशीद दाखवून त्याने आम्हाला मसाल्याच्या एका दुकानात नेलं. तिथे 3,000 चं ‘केशर’ गळ्यात मारलं. सीलबंद डबी, उघडू देईनात. हॉटेलवर चिमूटभर पाण्यात टाकलं तर क्षणात पिवळं पाणी, वास शून्य. हिचं माहेर लातूरकडचं. ‘अहो, ही तर करडई!’ गावाकडे शेताच्या बांधावर ज्या पाकळ्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्या आम्ही समुद्रापार जाऊन विकत घेतल्या.

तक्रारीची कथा तर विचारूच नका. पोलीस चौकीत पावती बघून हवालदार म्हणाला, ‘पोले साना’, फार वाईट झालं, पण पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. अहो, फसवलेला माणूस पैसे स्वतःच देतो, म्हणूनच त्याला फसवणूक म्हणतात! मग पर्यटकांसाठीच्या कचेरीत जा म्हणाले. तिथे उत्तर मिळालं, हा पोलिसांचा विषय. परत चौकीत आलो तर साहेब जेवायला गेलेले. नाव आणि नंबर आयता फोनमध्ये होता, माणूस रोज त्याच रस्त्यावर उभा, तरी कुणी खुर्चीतून उठलं नाही. विमान गाठायचं होतं म्हणून निघालो. तक्रार क्रमांकसुद्धा दिला नाही.

वाटाड्या हवा असेल तर हॉटेलमार्फत घ्या, रक्कम आधी ठरवा आणि पैसे शेवटी द्या. तो नेईल त्या दुकानात पाकीट काढू नका. पैसे पाठवल्याचा मेसेज तिथल्या तिथे जपून ठेवा, आमच्याकडे पुरावा म्हणून तेवढाच उरलाय. आणि वेलची, लवंग बिनधास्त घ्या, पण केशर तिथे घेऊच नका.