तन्मणी घेताय? आधी मोत्याचं वेज, म्हणजे दोऱ्याचं भोक, बघा

वहिनीने मालवणच्या जेटीजवळून आणलेली माळ आणि आईच्या डब्यातली कल्चर मोत्यांची माळ, दोन्ही समोर ठेवून बसलेय. लांबून जेटीवालीच सरस वाटते. सगळे मणी गोल गरगरीत, एकाच मापाचे. आईच्या सरात एखादा चपटा, एखाद्याला बारीक खळी. संशय घ्यायचा तो जेटीवालीचाच.

विकणाऱ्याने ती ‘इथल्याच समुद्रातली’ म्हणून दिली. मोत्यांसाठी जुनी नावं मन्नार आणि कच्छच्या आखाताची. मालवणचं नाव त्यात कुणी घेत नाही. उलट ‘कल्चर म्हणजे नकली’ हाही आपल्याकडचा लाडका गैरसमज. शिंपल्यात सुरुवात माणूस करून देतो, थर आतला जीवच चढवतो. जपानच्या मिकिमोतोंनी १८९३ मध्ये असा पहिला अर्धगोल मोती मिळवला.

वजन आणि गारवा यांच्यावर फार विसंबू नका. प्लास्टिक हलकं म्हणून पकडलं जातं, काच मात्र जड असते आणि गारही लागते. दोन मोती एकमेकांवर हलके घासले तर खरे किंचित किरकिरतात, काचेचे सुळकन घसरतात. दातावर घासूनही तेच कळतं, पण दुकानदाराचा चेहरा बघवत नाही. जाळून किंवा व्हिनेगरमध्ये टाकून बघायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, खरा मोतीच वाया जाईल.

माझा भरवसा वेजावर. भिंग घ्या, दोरा जरा सरकवा. जेटीवालीच्या वेजाशी रंगाचा पापुद्रा सुटलाय, खाली काच चमकते. आईच्या मोत्यांची कड स्वच्छ. समुद्रातल्या अकोया जातीच्या कल्चर मोत्यात सुरुवातीला आत घातलेला मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये बारीक रेघ दिसू शकते. गोड्या पाण्यातल्या मोत्यात बहुधा मणीच नसतो, त्यामुळे रेघ नाही दिसली तर घाबरायचं कारण नाही. रक्कम मोठी असेल तर लॅबमध्ये एक्स-रे करून घ्यावा.

एका लग्नापुरता तन्मणी हवा असेल तर नकली खुशाल घ्या, फक्त नकलीच्या भावात. वरचेवर घालायचा असेल तर कल्चर. कोकणातला घाम दोघांनाही सोसत नाही, पण खरा मोती मऊ फडक्याने पुसून ठेवला की टिकतो, दोरा तेवढा अधूनमधून बदलायचा. वहिनीची माळ एकाच मे महिन्यात मानेकडे सोलली. तिला मी अजून काही बोलले नाहीये. तेवढा भाग अंबाड्याखाली झाकतो.