फ्रीरेडियस: छोट्या नेटवाल्यांनी वापरून बघाच

तालुक्याला आमचं छोटं ब्रॉडबँड आहे, आधी विकतचं पॅनल होतं त्यात पॅक संपला तरी राउटर बंद होईपर्यंत गिऱ्हाइकाचं नेट चालूच राहायचं. मग मायक्रोटिक राउटरला फ्रीरेडियस जोडलं, म्हणजे गिऱ्हाइकांचं लॉगिन तपासणारं आणि वापराचा हिशोब ठेवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि एकदम भरवशाचं. लॉगिन पोर्ट 1812 वर, हिशोब 1813 वर, आणि चालू सेशन (गिऱ्हाइकाचं जोडलेलं कनेक्शन) तोडायचा मेसेज 3799 वर, पण मायक्रोटिकमध्ये हा मेसेज घ्यायची सेटिंग, रेडियस इनकमिंग, मुळात बंद असतं ते आधी चालू करा, माझे दोन दिवस त्यातच गेले. आपल्याच मेन राउटरची लाइट गेली तर सेशन संपल्याचा मेसेज (स्टॉप पॅकेट) येत नाही, जुनं सेशन फ्रीरेडियसच्या टेबलात चालू म्हणून अडकतं कधीकधी आणि एकच लॉगिनची लिमिट असेल तर बिचारं गिऱ्हाईक बाहेरच, म्हणून इंटरिम अपडेट (सेशन चालू असल्याची राउटरकडून मधूनमधून येणारी खबर) 5 मिनिटांवर ठेवा, म्हणजे खबर थांबलेली सेशन ओळखून बंद करता येतात. कमांड लाइनची सवय मात्र पाहिजे.