मिरकरवाड्यातलं एक्झॉस्टचं वर्कशॉप : ट्रॉलरवाल्यांसाठी माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात इंजिनाची कामं करणारे कमी नाहीत. पण एक्झॉस्ट मारतोय, म्हणजे धुराच्या पाइपाच्या जोडातून धूर गळतोय, म्हटलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: पॅकिंग बदला. आमच्या ट्रॉलरचा हिशेब मी बघते, त्यामुळे त्याच जागेच्या पॅकिंगचा खर्च वहीत पुन्हा पुन्हा चढताना मला दिसत होता. ज्या वर्कशॉपबद्दल लिहितेय, तिथे तो थांबला. बंदराकडे उतरताना पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, दारात जुनी सिलिंडर हेडं रचलेली असतात.

आमचं इंजिन अशोक लेलँडचं, सहा सिलिंडरचं, टर्बोवालं. एक्झॉस्ट कोरडा, म्हणजे त्यात पाणी सोडलेलं नाही. टर्बोपासून निघालेला पाइप केबिनला लागून सरळ छपराच्या वर जातो. लोड घेतला की काळा धूर यायचा, डिझेल जास्त खायचं, आणि केबिनमध्ये झोपणारे खलाशी डोकं धरून उठायचे. आधीच्या मेकॅनिकने डिझेल फवारणारे नोझल काढून साफ केले, एअर फिल्टर नवा टाकला, जोडावर लाल सिलिकॉन फासलं. फिल्टर थोड्याच दिवसांत परत काळा झाला. सिलिकॉन तर जळून गेलं. लोडवर तिथे चारशे अंशांच्या वर आच असते, ते टिकणार कसं?

या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी बोटीवर पाय ठेवला आणि इंजिन बघायच्या आधी विचारलं, “वहिनी, पोरांचं डोकं जेटीवर उतरल्यावर हलकं होतं काय?” होत होतं. आमचा एक नेपाळी खलाशी कित्येक हंगाम आमच्याकडे आहे, त्याला कधी दर्या लागलेला नाही, आणि तोच पहाटे ओकत होता. बोटीवर सगळे जेवणाला दोष देत होते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणं हुबेहूब दर्या लागल्यासारखी. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरं, पण बंद इंजिन रूमच्या डोक्यावर माणसं झोपत असतील तर त्या ‘कमी’वर भरवसा ठेवता येत नाही. काम पुरं होईपर्यंत केबिनमध्ये कुणी झोपायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे बजावलं. फक्त एवढ्यासाठीही मी हे वर्कशॉप दुसऱ्यांना सांगेन.

तपासणीला ते पहाटे आले. रात्रभर इंजिन चालू करू नका असं आधीच सांगून ठेवलं होतं. इंजिन थंड असताना फट मोकळी असते आणि आवाज कळतो. तापलं की लोखंड फुगतं, फट दबते आणि गळती ऐकू येईनाशी होते. स्टार्ट दिल्याबरोबर टिक-टिक सुरू झालं. त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका जोडापाशी नेलं. हात लावून वारा बघायचा नाही, भाजतं, हे ते शिकाऊ मुलाला सांगत होते. मग इंजिन बंद करून लॅगिंग, म्हणजे पाइपावर गुंडाळलेलं आच अडवणारं वेष्टण, सोडलं. जुनी पांढरी दोरी अॅस्बेस्टॉसची असणार म्हणून ती पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून काढली आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधली. खाली जोडापासून निघालेले काजळीचे फराटे स्पष्ट होते. तरी तेवढ्यावर न थांबता धुराड्याच्या तोंडाला चिंध्या कोंबून ब्लोअर लावला आणि ब्रशने साबणाचं पाणी मारलं. शेवटच्या सिलिंडरच्या जोडावर फुगे आले, टर्बोच्या फ्लेंजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकतीवरही आले. काळ्या धुराचंही उत्तर तिथेच होतं. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. तो जोर वाटेतच निसटला की इंजिनाला हवा कमी पडते आणि डिझेल अर्धवट जळतं. नोझलचा यात काही दोष नव्हता.

इथपर्यंत दुसरा चांगला मेकॅनिकही पोचला असता. यांनी पुढे मान वर केली आणि पाइप बघत वरपर्यंत गेले. पाइपाला वरून धरणारा हँगर तुटलेला होता. टर्बोच्या वर बेलो, म्हणजे घड्यांचा लवचीक जोड, असायला हवा, त्या जागी कुणीतरी साधा पाइपाचा तुकडा वेल्ड केला होता. म्हणजे सगळ्या पाइपाचं ओझं टर्बोवर आणि तिथून मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागावर. त्यात तीन मीटरचा लोखंडी पाइप साडेतीनशे अंशांनी तापला की सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लांबतो. बेलो नसेल तर ती लांबी जोडांनाच रेटते. असल्या जागी किती पॅकिंगं घातली तरी फुटणारच.

मॅनिफोल्ड काढताना तो हेडला धरणारे दोन स्टड (आट्यांचे दांडे) मोडले. मोडलेल्या स्टडवर नट वेल्ड करून, तो गरम असतानाच पाना लावून हळूहळू फिरवत बाहेर काढला. हेडमधल्या आट्यांना ओरखडाही आला नाही. मॅनिफोल्डच्या तोंडांवर पट्टी ठेवली तर खालून दहा थाऊचं, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचं फिलर (फट मोजायची पट्टी) सहज गेलं, म्हणून फेसिंग करून, म्हणजे तोंडं मशिनवर सपाट करून घेतली. स्टड सगळे नवे, पॅकिंग स्टीलचं, नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने आवळलेले. वर नवा बेलो, दोन हँगर आणि ग्लास फायबरचं लॅगिंग. डिझेलच्या प्रेशर पाइपाजवळ लॅगिंगला जराही उघडी जागा ठेवली नाही. मोठ्या जहाजांना 220 अंशांवर तापणारा भाग झाकण्याची आंतरराष्ट्रीय नियमानेच सक्ती आहे, कारण फुटलेल्या पाइपातलं डिझेल तापल्या लोखंडावर उडालं की आग लागते. आपल्या ट्रॉलरला तो नियम लागू नसला तरी डिझेल तेच आहे. पहिल्या फेरीनंतर, इंजिन थंड झाल्यावर, नट परत आवळायला ते न बोलावता आले.

आता तक्रारी. काम सावकाश चालतं. फेसिंग बाहेरून करून आणतात, त्यात बोट भर मार्चमध्ये धक्क्यावर बसून राहिली आणि खलाशांचा पगार चालूच राहिला. मजुरी इतरांपेक्षा बरीच जास्त आहे, ती मला पटली, पण कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतात ते पटलं नाही. सामानाची पक्की बिलं मागून घ्या, नाहीतर मिळत नाहीत. फोन तर उचलतच नाहीत, शेडवर जाऊन गाठावं लागतं.

धूर आता लोडवरही फिकट असतो आणि फिल्टर स्वच्छ आहे. पोरं केबिनमध्ये झोपतात. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे आम्ही दारं थोडी उघडी ठेवतो आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्यांच्याकडे रांग लागते, त्यामुळे ज्यांना काम द्यायचं असेल त्यांनी मे महिन्यातच जाऊन सांगून ठेवा. जाताना बेलो शेवटचा कधी बदलला ते ड्रायव्हरला विचारून जा, ते पहिलं तेच विचारतील.